कणकेची लादी

शेतपे, १४ ऑक्टोबर २०१८

एसबोल आगा,

सलाम. घरी सगळे बरे आहेत. उन्हाळ्यात सोडलेली उंटं अजून पुरती गोळा झाली नाहीत, पण कुठं आहेत ते कळतं. तुमच्याकडे पेर्मला एव्हाना बर्फ पडला असेल. तुझ्या घरच्यांना आमचा सलाम सांग.

फोनवर तू दोनदा "ऐकतोय" एवढंच म्हणालास. मी हवापाण्याचं बोलून फोन ठेवला. म्हणून कागदावर लिहितो. शिवाय जे पाठवतो आहे ते फोनमध्ये मावणारं नाही.

पाकिटात चार कागद आहेत. कोपऱ्यात आकडे घातलेत, त्याप्रमाणे जमिनीवर एकाला एक लाव. आपल्या अंगणातल्या कणकेच्या लादीचे हे ठसे आहेत. कागद अंथरून पेन्सिल आडवी घासायची, बाबांनी जुन्या कबरींवरची अक्षरं उतरवायला शिकवली होती तशीच.

लादी निघाली तो दिवस तुला आठवत असेल. चौऱ्याऐंशी सालचा जुलै. तू लष्करातून सुटून आला होतास, मी चौदा वर्षांचा. बाबा खाणीत रुळांवरचं करवतयंत्र चालवत होते आणि आपण दोघं त्यांच्या हाताखाली. मोठा ठोकळा चिरून दोन झाला, पाणी ओघळून गेलं आणि बाबांनी यंत्र बंद केलं. दोन्ही लाद्यांच्या अंगावर, आरशात बघावं तशी, तीच नक्षी. तपकिरी गोल चकत्यांची रांग आणि रांगेतून फुटलेल्या बारीक वाकड्या रेघा. आपल्या दगडात शिंपले सोडून दुसरं काही आपण पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, साखळी. बाबा म्हणाले, साप. तू गुडघ्यावर बसून चकत्या मोजल्यास, एकोणीस भरल्या, आणि म्हणालास की हा मासा आहे.

"एवढा मासा?" बाबा म्हणाले. "मग याच्या जेवणाला आपल्याला कसं बोलावलं नाही?"

त्यांनी दोन्ही लाद्यांवर खडूनं 'तडा गेलेला माल' असं लिहिलं आणि संध्याकाळी घरी आणल्या. तडा कुठंच नव्हता. बाबांनी खोटं लिहिलेलं मी तेवढंच एक पाहिलं.

एक लादी आईनं अंगणातल्या भट्टीला लावून घेतली आणि तिच्यावर चौतीस वर्षं कणीक मळली. दर शुक्रवारी मेलेल्या माणसांच्या नावानं सात शेल्पेक लाटायचे आणि चरबीत तळायचे, ते तिनं एकदाही चुकवलं नाही. त्या चरबीनं दगड मुरलाय. आपण पाहिला तेव्हा फिकट होता, आता हाडं काळपट तपकिरी होऊन वर आली आहेत. गेल्या आठवड्यात बालझाननं लादी गरम पाण्यानं घासली. बायको बोलावते म्हणून गेलो, तर तिसऱ्या कागदावर जिथं मी फुली केली आहे तिथं, बरगड्यांच्या आत, आणखी एक रांग दिसली. बारीक. चकत्या शर्टाच्या बटणाएवढ्या. मोजल्या, अकरा भरल्या.

दगडातली हाडं ओळखायच्या विद्येसाठीच तू गाव सोडलंस. हे काय आहे ते सांग. मला फक्त एवढंच विचारायचं आहे.

आई गेली तेव्हा तुला कळवायला उशीर झाला. त्या आठवड्यात फोन लागत नव्हते. तिला त्रास झाला नाही.

कोनाय


शेतपे, २५ नोव्हेंबर २०१८

एसबोल आगा,

तुझं एक पानी पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून उजवीकडे कलतं. ओळींवरून बोट फिरवत वाचलं.

म्हणजे देवमासा. लहान जातीचा. आपल्या शेतपेच्या माळावर, जिथं उंटालाही पाणी शोधावं लागतं. मी हे चहाला बसलेल्यांना सांगितलं तर ओरिनबाय म्हातारा म्हणाला, "तुझ्या भावाला म्हणावं, समुद्र गेलाय, बातमी आता आली होय." त्र्याऐंशी वर्षांचा झाला, जीभ अजून विशीत आहे.

तू विचारतोस की बारीक रांगेतली हाडं त्याच्या पोटातली आहेत की नुसती वर येऊन पडली आहेत, आणि त्यासाठी जोडीची लादी बघायला हवी. आगा, ती लादी कुठं आहे ते तू विसरला नाहीस. आजी गेली तेव्हा बाबांनी ती तिच्या कबरीवर झाकण म्हणून घातली, नक्षी खाली करून. एक कोपरा तू धरला होतास, तुझं नख निघालं होतं. आजीला मी उघडी करणार नाही. तूही तसं म्हणाला नसतास, हे तुझ्यातल्या शिकलेल्या माणसानं विचारलं असणार.

आजीचं नाव निघालं म्हणून लिहितो. पहिला नातू आजोबांचा, हा रिवाज तू किंवा मी केला नाही. चाळिसाव्या दिवशी त्यांनी तुला मांडीवर घेतलं आणि तू त्यांचा मुलगा झालास. बाबांना थोरल्या भावासारखं दुइसेन आगा म्हणायचास, आईला वहिनी. शाळेत मी सांगायचो की हा माझा भाऊ, तू सांगायचास की मी याचा काका, आणि बाई हजेरीपट उघडून बघायच्या. घरी येऊन मी हे सांगितलं की सगळे हसायचे. आई चहा ओतत असायची. ती हसायची की नाही ते आता आठवून बघतो, तर तिचं तोंड आठवत नाही, किटलीच आठवते.

तू लिहितोस की मोठ्यानं लहानग्याला गिळलेलंही असू शकतं, पोटात वाढवलेलंही असू शकतं. जबडा मिळाला तर सांगता येईल. लादीचं डावं टोक भट्टीच्या मातीत बुजलेलं आहे. बघतो.

घाई का, ते सांगतो. मे महिन्यात आईचं वर्ष घालायचं आहे आणि त्याच दिवशी दगड उभा करायचा आहे. तिनं हीच लादी मागितली होती. पण इल्यास मुल्ला म्हणतो, कबरीवर जिवंत प्राण्याचं चित्र चालत नाही. पोरगा चांगला आहे, शिकून आलाय, मनापासून बोलतो. माझं मनही दोन दिवस डळमळलं. मी नमाज चुकवणारा माणूस नाही आणि आईच्या डोक्याशी काही वावगं उभं करायचं नाही. ओरिनबाय म्हाताऱ्यानं त्याला विचारलं, "आपल्या पूर्वजांच्या कबरींवर दगडी मेंढे उभे आहेत, ते कुणी कोरले?" इल्यास म्हणाला, "माणसांनी." "आणि हे?" इल्यासनं वर बोट केलं. "मग तक्रार कोरणाऱ्याकडे ने." मी तोबा केली, पण माझं मन तिथं बसलं. हे आपण कोरलेलं नाही. आपण फक्त चिरलं.

कोनाय


शेतपे, ९ जानेवारी २०१९

एसबोल आगा,

भट्टी फोडली. आईनं हातानं लिंपलेली होती, आत तिच्या बोटांचे वळ होते. पहिला घाव घालायच्या आधी बिस्मिल्ला म्हटलं आणि तरी हात थांबला. बालझान म्हणाली, "एवढे दगड फोडलेत आयुष्यात, आणि मातीला घाबरता?" मग तिनंच पहार घेतली.

पाचवा कागद सोबत आहे. मातीखाली एक लांब, वाकलेलं, विळ्यासारखं हाड निघालं, बरगड्यांच्या कडेला निखळून पडलेलं. माझ्या हातभर लांब. तू लिहिलं होतंस की दातांसाठी खड्डे आहेत का ते बघ. बोटानं बघितलं, मग सुईनं बघितलं, मग चष्मा लावून. काठ तुळतुळीत आहे. एकही खड्डा नाही. कागदावर रेघ जाड दिसते ती माझ्या पेन्सिलीची चूक आहे.

आता बालझाननं सांगितलेलं लिहितो. माती भरताना ती सहज म्हणाली की आई तिला लादीच्या त्या भागावर लाटू द्यायची नाही. नवी सून होती तेव्हापासून. "इकडे लाट, तिकडे नको, तिथं लहानगं निजलंय." बालझानला वाटलं, म्हातारीचं काहीतरी असेल. सत्तावीस वर्षं ती दुसऱ्या बाजूला लाटत आली आणि मला सांगायचं तिला सुचलं नाही.

म्हणजे तुला, मला, बाबांना दिसलं नाही ते आईला हाताला लागलं होतं. कणीक मळताना बोटाखाली आलं असेल. तिनं कुणाला म्हटलं नाही. आपल्याकडे सून सासू-सासऱ्यांचं नाव घेत नाही, त्यांच्या वस्तूला आपली म्हणत नाही, आणि तू तर त्यांचा मुलगा होतास.

तू लष्करात गेलास तेव्हा रिवाजाप्रमाणे भाकरीचा एक घास तोडून उरलेली भाकरी भिंतीला टांगली होती, परत येऊन तू संपवावीस म्हणून. आजीच्या खोलीत. पण ती भाजली होती आईनं. दोन वर्षं रोज सकाळी त्या खोलीत झाडायला ती जायची. मला तेव्हा वाटायचं, एवढी काय धूळ साचते तिथं?

जबड्याचं लवकर कळव.

कोनाय


शेतपे, १७ फेब्रुवारी २०१९

एसबोल आगा,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. या जातीच्या देवमाशाला दातच नसतात, तो तोंडानं पाणी गाळून त्यातले किडे खातो, मग त्याच्या पोटात दुसरा देवमासा गिळून जाणार कसा, हे तू इतकं सोपं करून लिहिलंस की मी ते इल्यासलाही वाचून दाखवलं. बारीक मणक्यांची टोकं अजून जुळलेली नव्हती, म्हणजे हाडं कोवळी, आणि ती एकाला एक ओळीत आहेत, कुठं विखुरली नाहीत. 'बहुधा पोटातलं पिल्लू,' असं तू लिहिलंस. 'बहुधा' खाली तू रेघ ओढली आहेस.

आणि पत्राच्या शेवटी लिहिलंस: दगडावर नेहमीप्रमाणे तुझं एकट्याचं नाव घाल.

आता मी खरं लिहितो. आधीच्या पत्रांत मी लादीच्या आडून बोललो.

बाबांच्या दगडावर मी कोरलं होतं, 'हा दगड उभारला एकुलता मुलगा कोनाय याने.' दोन हजार आठ साली, बाबांच्या वर्षाला, तू तो वाचलास. अक्षरांवरून बोट फिरवलंस आणि म्हणालास, "अक्षर चांगलं आलंय, कोनाय." मग हात धुतलेस, सगळ्यांबरोबर जेवलास, म्हाताऱ्यांची विचारपूस केलीस आणि संध्याकाळच्या गाडीनं गेलास. अकरा वर्षं झाली. लोक विचारत, तेव्हा मी सांगत आलो की रिवाजाप्रमाणं कोरलं. एसबोल आजोबांचा मुलगा, त्यांच्या दगडावर त्याचं नाव आहेच. त्यात खोटं काही नाही.

पण त्या दगडावर छिन्नी लावायच्या आदल्या दिवशी आई माझ्या कामाच्या जागी आली होती. ती तिथं कधी यायची नाही. दगडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "कोनाय, दोन नावं बसतील का?"

मी म्हणालो, "जागा आहे. पण म्हातारे काय म्हणतील?"

ती म्हणाली, "बरं." खाली पडलेल्या दगडाच्या कपच्या तिनं ओच्यात भरल्या, अंगणात चिखल होतो तिथं टाकायला, आणि गेली. ओरिनबायला किंवा कुणालाही मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता, म्हणून विचारलं नाही.

का, ते शोधायला मला फार खोल जावं लागलं नाही. तू सुट्टीला यायचास तेव्हा आई सगळ्यांत चांगला वाटा तुझ्यापुढे ठेवायची, आणि पाहुण्याला ठेवतात तसं दाखवायची. मी ते लहानपणापासून बघत होतो. मी रोज तिच्याजवळ होतो, आणि तिचं लक्ष रस्त्याकडे. बाबा गेले तेव्हा मला वाटलं, निदान दगडावर तरी मी एकटा असेन. मी पाच वेळा नमाज पढणारा माणूस, आणि हे अकरा वर्षं पोटात ठेवून पढलो.

आणखी एक. आई गेली त्या आठवड्यात फोन चालू होते. तिला माती दिल्यावर तिसऱ्या दिवशी मी तुला फोन केला, कारण तू आलास तर तो दगड पुन्हा वाचशील, याची मला भीती वाटली. तिच्या मातीला तुझा हात लागला नाही, तो माझ्यामुळे.

माफी माग असं मी स्वतःला सांगतो आणि कागदावर ते येत नाही. पीर बेकेत-आता यांच्या दर्ग्याला जाऊन आलो. तिथंही तोंडून तुझंच नाव निघालं.

कोनाय


शेतपे, २१ एप्रिल २०१९

एसबोल आगा,

तुझं उत्तर नाही. बरोबर आहे.

एवढंच कळवतो. आईचं वर्ष ११ मेला, शनिवारी. लादी तासून झाली. नक्षी आतल्या अंगाला, तिच्याकडे तोंड करून. अक्षरं बाहेरच्या अंगाला. समुद्रात पालथे पडलेल्या शिंपल्यांच्या पाठी ज्या बाजूला, ती बाजू वर ठेवली आहे, खाणीत दगड होता तशीच, बाबा म्हणायचे तशी. 'झानिल, दुइसेनची बायको' असं आईचं नाव, जन्म, मृत्यू, कुराणातली आयत, सगळं कोरलं. खाली 'हा दगड उभारला तिच्या मुलांनी,' इथवर आलो आणि छिन्नी ठेवली.

त्याच्या पुढं दोन नावांची जागा आहे. मोठ्याचं आधी. ती जागा मी भरणार नाही. तू आला नाहीस तर ती तशीच उभी राहील आणि येणारा-जाणारा विचारील, आणि मी सांगेन.

कोनाय


शेतपे, २३ जून २०१९

एसबोल आगा,

आईच्या वर्षाहून तू पेर्मला नीट पोचल्याचा फोन आला तेव्हा मी उंटांमागे होतो. बालझान म्हणाली, "तुमचे भाऊ चक्क तीन वाक्यं बोलले." ती हे गावभर सांगते आहे.

तू गेल्यावर पंगतीत बसलेले सगळे तुझ्याबद्दलच बोलत होते. ओरिनबाय म्हातारा म्हणाला, "एवढा शिकून छिन्नी धरतो शेंबड्या पोरासारखी." मग म्हणाला की धरली मात्र वेळेवर. दुपारच्या नमाजापासून तिसऱ्या प्रहरापर्यंत तू आईच्या दगडापाशी एकटा बसलास, आम्ही सगळे गाड्यांपाशी थांबलो. इल्यासनं दोनदा घड्याळ बघितलं. तुझं नाव मी त्याच दिवशी पाहिलं. अक्षरं उजवीकडे कलली आहेत. माझं तुझ्या खाली, तूच कोरलेलं, तेही कललेलं आहे. पन्नाशीला आलेल्या दगड कोरणाऱ्याचं नाव त्याच्याच आईच्या दगडावर असं वाकडं! पण असू दे.

बाबांच्या दगडावरचा 'एकुलता' मी काढू का, असं विचारलं तेव्हा तू म्हणालास, "दगड खराब करू नकोस." तो तसाच ठेवला आहे. तुझं नाव त्यांच्या नावाखाली घालू का, ते पुढच्या वेळी सांग. छिन्नी या वेळी मी धरीन.

तुझ्या संस्थेतल्या लोकांना दाखवायला तुला नक्षीचा एकसंध ठसा हवा होता. तो या शुक्रवारी घेतला. शेल्पेक घेऊन गेलो होतो. बालझान आता जुन्या फळीवर लाटते आणि फळी हलते म्हणून रोज मला ऐकवते. दुकानातून कागदाची गुंडाळी आणली होती, वरून पार बुडापर्यंत सोडली. वाऱ्यानं पायथ्याची वाळू उडवून नेली होती, त्यामुळे कागद खाली बराच गेला.

मोठीचे एकोणीस मणके आले, बरगड्या आल्या, बिनदाताचा जबडा आला. आतले अकरा आले. मग पेन्सिल घासत आणखी खाली गेलो, जिथं दगड नेहमी वाळूत असतो. डोळ्यांना तिथं काही दिसत नव्हतं, पिवळ्यावर पिवळं. कागदावर मात्र उमटलं. उजवीकडे कललेलं, फार खोल नाही, कुणाला ऐकू जाऊ नये असं हळू ठोकलेलं. 'आई'.

तुझ्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नाही. तिनंही ऐकला नव्हता.

मी तिथंच बसून तिच्यासाठी कुराणातलं पढलो आणि मग हातांनी वाळू परत ओढून घेतली, होती तेवढी. कागद गुंडाळून सोबत पाठवतो आहे. घरी उघडलेला नाही, बालझानलाही दाखवला नाही. संस्थेत दाखवशील तेव्हा खालची चार बोटं दुमडून घे.

तुझा भाऊ,
कोनाय